छातीतली घरघर : कोपनहेगन, १९५२

मराठीत ‘घरघर लागणे’ हा शब्दप्रयोग मरणाच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे. एखाद्या जुन्या पेढीला किंवा नाटकमंडळीला घरघर लागली असे कोणी म्हटले, की ऐकणाऱ्याने पुढचे समजून घ्यावयाचे असते. हा वाक्प्रचार मूळचा आजाऱ्याच्या खोलीतला होय. गळ्याशी कफ दाटतो. तो खोकून बाहेर टाकण्याचे बळ उरत नाही, गिळून टाकण्याचेही नाही. आणि येणारा-जाणारा श्वास त्या कफातून बुडबुडत कशीबशी वाट काढतो. तो आवाज पिढ्यान्‌पिढ्या घरातील वडीलधाऱ्यांनी ओळखला. तो ऐकू येताच कोणी गंगाजळाची लोटी शोधू लागे, कोणी पाद्रीबाबांकडे माणूस धाडी. वैद्यही मग नाडीवरचा हात काढून घेत असे.

घरघर ही मरणाची खूण, एवढे सर्वांना ठाऊक होते. पण ती खूण आहे की कारण आहे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नव्हता. माणूस मरावयास टेकला म्हणून कफ दाटतो, की कफ दाटला म्हणून माणूस मरावयास टेकतो? दुसरी गोष्ट खरी असेल तर कफ काढून टाकता येईल आणि माणूस परत फिरविता येईल. या प्रश्नाचे मोठ्या प्रमाणावरचे उत्तर १९५२ सालच्या उन्हाळ्यात व शरदात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे एका साथरोग रुग्णालयात मिळाले. त्या उत्तराचा इतिहास श्रोत्यांनी ऐकण्याजोगा आहे.

तत्पूर्वी कफ म्हणजे काय, याविषयी थोडेसे. कफ हा शत्रू नव्हे. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर पातळ, चिकट द्रवाचा एक थर सदैव असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ, धूर, जंतू त्या थराला चिकटतात. त्याच्या खाली डोळ्यांना न दिसणारे केसांसारखे तंतू असून ते एका सेकंदात दहा-दहा वेळा हलतात आणि तो थर वर, घशाकडे, सरकवीत राहतात. घशाशी आलेला हा माल माणूस नकळत गिळून टाकतो. रात्रंदिवस चाललेली ही झाडलोट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही झाडलोट अपुरी पडली म्हणजे खोकला मदतीस येतो. फिलाडेल्फियाचे घशाचे प्रख्यात शल्यवैद्य शेव्हॅलिए जॅक्सन यांनी खोकल्याला फुप्फुसांचा राखणदार कुत्रा म्हटले होते. खोकणे ही दिसावयास सोपी गोष्ट. पण तिचे तीन टप्पे आहेत. आधी खोल श्वास आत घ्यावा लागतो. मग घशातील स्वरयंत्राची दोन कवाडे घट्ट मिटावी लागतात आणि पोटाचे व छातीचे स्नायू कोंडलेल्या हवेला दाबतात. शेवटी कवाडे एकदम उघडतात आणि हवेच्या झोताबरोबर कफ उडून येतो. यांपैकी एक टप्पा गळाला तरी खोकला नावापुरता उरतो. पोटावर शस्त्रक्रिया झालेला माणूस दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही. अर्धांगाच्या रोग्याची कवाडे मिटत नाहीत. अफूच्या जातीची वेदनाशामक औषधे जास्त झाली तर खोकल्याची उबळच येत नाही. आणि ज्याचे स्नायूच लुळे पडले आहेत, त्याच्याजवळ दाबावयास काही नसते.

मग कफ साचतो. साचलेला कफ घट्ट होतो आणि बुचासारखा एखाद्या नळीत बसतो. बुचापलीकडे अडकलेली हवा हळूहळू रक्तात शोषली जाते आणि फुप्फुसाचा तेवढा भाग ओल्या पिशवीसारखा मिटून जातो. मिटलेल्या, ओलसर, उबदार जागेत जंतूंना आयतेच घर मिळते व न्यूमोनिया सुरू होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील विल्यम पास्तर यांनी फुप्फुसाच्या अशा मिटण्याचे सविस्तर वर्णन केले. (जंतुशास्त्राचे जनक लुई पास्तर ते हे नव्हेत.) श्वासाचे स्नायू थंडावतात म्हणून फुप्फुस मिटते, यावर त्यांचा भर होता. कफाच्या बुचाकडे बोट दाखविणारा दुसरा पक्ष होता. वाद पुष्कळ वर्षे चालला आणि अशा वादांत बहुधा होते तसे, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य निघाले.

उपायही निघत होते, पण सुटेसुटे. लंडनच्याच विल्यम इवार्ट यांनी १९०१ मध्ये, छातीत पू व कफ साठणाऱ्या रोग्यांना विशिष्ट रीतीने उतरते निजवून कफ आपल्या भाराने वाहून यावा अशी व्यवस्था सुचविली. अमेरिकेत कॅमेरॉन हाइट यांनी १९३८ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर कफ अडकलेल्या रोग्याच्या नाकातून थेट श्वासनलिकेत रबरी नळी घालून तो ओढून काढण्याची रीत प्रसिद्ध केली. कोणाच्याही लक्षात येईल की, हे सारे उपाय हाताने करावयाचे, पुन्हा पुन्हा करावयाचे, आणि कोणालाही त्यांपासून कीर्ती मिळण्याची आशा नसलेले होते. वैद्यकाचे लक्ष त्या काळी यंत्रांकडे अधिक होते.

ते यंत्र म्हणजे लोहफुप्फुस. १९२८ मध्ये बॉस्टन येथे फिलिप ड्रिंकर यांनी ते प्रथम वापरले. पोलिओने छातीचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्याला एका पत्र्याच्या पिंपात निजवीत. फक्त डोके बाहेर. पिंपातील हवा पंपाने विरळ केली की छाती फुगे व बाहेरची हवा नाकातोंडावाटे आत जाई. दाब पूर्ववत केला की छाती बसे. ज्यांचे केवळ छातीचे स्नायू गेले होते अशा पुष्कळांना या पिंपाने जीवदान दिले, ही गोष्ट विसरता कामा नये.

परंतु पोलिओचा एक प्रकार असा आहे की, त्यात विषाणू मेंदूच्या खालच्या देठाशी घाव घालतात. तेथूनच गिळण्याच्या, बोलण्याच्या व घशाच्या स्नायूंना आज्ञा जातात. अशा रोग्याला स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नाही. लाळ व कफ घशात तळ्यासारखे साचते. आता त्याला पिंपात घातले तर काय होईल, याचा विचार करावा. यंत्र छाती फुगविते, त्यासरशी हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर घशातले ते तळेही आत ओढले जाते. जगविण्यासाठी आणलेले यंत्र मिनिटाला पंधरा-वीस वेळा रोग्याला त्याच्याच कफात बुडवू लागते! शिवाय पिंपात निजलेल्याला कुशीवर वळविणे, पाठ थापटणे, नळी घालणे, सारेच अवघड.

हे कोणाला कळले नव्हते असे नाही. अमेरिकेत गॅलोवे यांनी १९४३ मध्येच असे लिहिले होते की, अशा रोग्यांच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवावी. लॉस एंजलिस येथे बॉवर व बेनेट यांनी १९४८-४९ च्या साथीत गळ्यातील नळी आणि बाहेरून दाबाने हवा देणे यांची जोड लोहफुप्फुसाला दिली व मृत्यू कमी झाल्याचे दाखविले. पण एका गावी कळलेली गोष्ट दुसऱ्या गावी रुजावयास वेळ लागतो. तीत एखाद्या साथीची घाई मिसळावी लागते.

ती घाई कोपनहेगनला आली. दैवाची गंमत अशी की, १९५१ च्या सप्टेंबरात पोलिओवरची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद त्याच शहरात भरली होती आणि जगभरचे तज्ज्ञ तेथे येऊन गेले होते. वर्ष भरले नाही तोच शहरावर ही आपत्ती कोसळली. ब्लेगडम रुग्णालय हे तेथील साथीच्या रोगांचे रुग्णालय. प्रमुख वैद्य प्राध्यापक हेन्री लासेन. १९५२ च्या जुलैच्या अखेरीपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत तेथे पोलिओचे २७२२ रोगी दाखल झाले. त्यांपैकी ८६६ जणांना लुळेपणा आला आणि तीनशेहून अधिक जणांचा श्वास किंवा गिळणे बंद पडू लागले. साथीच्या भरात एका दिवशी पन्नासपर्यंत रोगी येत. आणि रुग्णालयात श्वासाची साधने किती, तर एक लोहफुप्फुस आणि छातीवर बसविण्याची सहा कवचयंत्रे.

पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रोग्यांवर या यंत्रांनी उपचार झाले. त्यांतले २७ दगावले. बहुतेक तीन दिवसांच्या आत. त्यांत मुले पुष्कळ होती. हे मृत्यू ज्या रीतीने होत, तिने वैद्य बुचकळ्यात पडले होते. रोग्याला घाम सुटे, रक्तदाब चढे, ताप येई, शुद्ध हरपू लागे. मात्र प्राणवायू चालू असल्यामुळे ओठांचा रंग पुष्कळदा लालच असे. निळेपणा नाही, तेव्हा श्वास पुरेसा आहे असा समज होई. रक्त तपासले तर त्यात कार्बन डाय-ऑक्साइडचे एकूण प्रमाण फार वाढलेले आढळे. त्याचा अर्थ प्रयोगशाळा व वैद्य असा लावीत की, रक्तात काही गूढ कारणाने क्षारता वाढली आहे. विषाणूंनी मेंदूच जाळला, त्याला इलाज नाही.

लासेन यांच्या हाताखालचे मोगेन्स ब्यर्नेबो यांनी एका भूलतज्ज्ञाला विचारावे असे सुचविले. आज या सूचनेत कोणाला नवल वाटणार नाही. त्या काळी भूल देणाऱ्याचे स्थान शस्त्रक्रियेच्या टेबलाशी, शल्यवैद्याच्या पाठीमागे होते. साथीच्या वॉर्डात त्याचे काय काम? लासेन फारसे उत्सुक नव्हते, पण त्यांनी संमती दिली, आणि या गोष्टीचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. ज्याच्या वॉर्डात एवढी माणसे मरत आहेत त्याने परक्याला दार उघडावयाचे, याला मनाचा मोठेपणा लागतो.

तो भूलतज्ज्ञ म्हणजे ब्यर्न इब्सेन. मराठी नाट्यरसिकांना इब्सेन हे आडनाव नॉर्वेच्या नाटककारामुळे चांगले परिचित आहे. हे डॉक्टर डेन्मार्कचे, जन्म १९१५ चा. १९४९-५० मध्ये ते बॉस्टनला भूलशास्त्र शिकून आले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्याचे औषध दिले की रोग्याचा श्वास थांबतो; मग भूलतज्ज्ञ रबरी पिशवी हाताने दाबून तासन्‌तास त्याला श्वास देत राहतो. त्यांना हे रोजचेच होते. पोलिओने लुळा झालेला रोगी आणि औषधाने लुळा झालेला रोगी यांत त्यांना फार अंतर दिसले नाही.

२५ ऑगस्टला त्यांना बोलावण्यात आले. त्यांनी प्रथम रोगी पाहिले, कागद पाहिले, आणि नुकत्याच मेलेल्या चौघांची शवविच्छेदने पाहिली. फुप्फुसांचे काही भाग मिटलेले होते, पण सारी फुप्फुसे निकामी झालेली नव्हती. त्यांतून हवा खेळवता आली असती. इब्सेन यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : ही क्षारता नव्हे. उच्छ्वासावाटे बाहेर पडावयाचा वायू छातीतच कोंडून राहतो आहे, रक्तात तुंबतो आहे, आणि त्याचीच ही सारी लक्षणे आहेत. प्राणवायूने ओठ लाल राहतात. पण आतला केर बाहेर गेला की नाही, हे ओठांच्या रंगावरून कळत नाही. नळ्या कफाने भरलेल्या, छाती पुरती हलत नाही. मग केर जाणार कोठून?

त्याच आठवड्यात त्यांनी हे दाखवून द्यावे असे ठरले. रोगी म्हणून एक बारा वर्षांची मुलगी निवडण्यात आली; तिचे चारी हातपाय लुळे होते, डावे फुप्फुस मिटलेले होते, ताप चाळीस अंशांवर होता, आणि ती आपल्याच कफात गुदमरत होती. तिच्या आशेवर कोणीच नव्हते. जागेवरच बधिर करून तिच्या गळ्याला छेद देण्यात आला आणि बाहेरून हवेने फुगणारी रबरी बांगडी असलेली नळी श्वासनलिकेत बसविली. या फुगणाऱ्या बांगडीचे महत्त्व मोठे आहे : ती फुगली की वरून घशातला कफ खाली उतरू शकत नाही आणि खालून दिलेली हवा वर निसटू शकत नाही.

तरी पहिला प्रयत्न फसत चालला. मुलगी जिवाच्या आकांताने धडपडू लागली, नळ्या आवळल्या गेल्या, नळीवाटे पुष्कळ कफ ओढून काढला तरी पिशवी दाबून हवा आत जाईना. तिची शुद्ध गेली. हे दृश्य पाहण्यास जमलेल्या वैद्यांचा धीर सुटला आणि ते एकेक करून पांगले, असे इब्सेन यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्यांनी मग शस्त्रक्रियेच्या टेबलाशी केले असते तेच केले. पेंटोथाल हे भूल देणारे औषध शंभर मिलिग्रॅम टोचले. मुलीचा स्वतःचा तुटका श्वासही थांबला, धडपड थांबली, आवळलेल्या नळ्या सैल झाल्या, आणि पिशवीतली हवा आत शिरू लागली. कफ ओढावयाचा, पिशवी दाबावयाची. पुन्हा ओढावयाचा, पुन्हा दाबावयाची. हळूहळू तिचा रंग पालटला, घाम थांबला, रक्तदाब उतरला.

एवढ्यावर थांबले असते तर योगायोग म्हणून बोळवण झाली असती. उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजण्याचे उपकरण इब्सेन यांनी लावून ठेवले होते. त्यांनी मुलीला पुन्हा कवचयंत्रावर सोपविले. वायू साचू लागला, रक्तदाब चढला, घाम फुटला. त्याच वॉर्डातील प्रत्येक वैद्याला पाठ झालेले ते मरणचित्र पुन्हा उमटू लागले. पिशवी हाती घेतली, चित्र पुसले गेले. वर्गात गुरुजी पाटीवर उदाहरण मांडतात, पुसतात, पुन्हा मांडतात, तशी ही रीत होती. फक्त पाटीच्या जागी एक मूल होते. ती मुलगी वाचली आणि पुढे बरीच वर्षे जगली.

एका रोग्यासाठी पिशवी दाबणे शक्य. सत्तरांसाठी कोणी दाबावयाची? साथीच्या भरात एकाच वेळी सुमारे सत्तर रोग्यांना हाताने श्वास द्यावा लागत होता, चोवीस तास, कित्येकांना आठवडेच्या आठवडे. लासेन यांनी विद्यापीठातील वैद्यकाच्या व दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हाक दिली. एकंदर दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने येऊन बसले आणि त्यांनी मिळून सुमारे १,६५,००० तास काम केले असा हिशेब आहे. लोहाराच्या भात्यावर पोर बसावे तसा प्रत्येक जण एका खाटेशी बसे. पिशवी एका लयीत दाबावयाची. नळीत घरघर ऐकू आली, हाताला पिशवी जड लागू लागली, की परिचारिकेला सांगून कफ ओढवावयाचा. रोगी बोलू शकत नसे, कारण हवा गळ्यातूनच परत जाई. तो डोळ्यांनी सांगे, श्वास कमी पडतो की जास्त होतो. लहान मुलांना हे विद्यार्थी गोष्टी वाचून दाखवीत. काही विद्यार्थ्यांच्या हाताखाली रात्री ते मूल मरत असे, आणि पहाटे त्यांना तसेच घरी जावे लागे.

या विद्यार्थ्यांची कीर्ती जगभर झाली, ती योग्यच होती. तथापि केवळ पिशवीच्या दाबण्यानेच ही माणसे वाचली असे सांगितले जाते, ते अपुरे वाटते. तुंबलेल्या पन्हाळीत कितीही पाणी ओतले तरी ते पलीकडे जात नाही. पिशवीमागे कफाची व्यवस्था उभी होती. रोग्याला ठराविक वेळाने या कुशीवरून त्या कुशीवर वळवीत. खाटेचे पायथे उचलून डोके खाली करीत, म्हणजे कफ मोठ्या नळ्यांकडे वाहून येई. व्यायामोपचार जाणणाऱ्या स्त्रिया छाती थापटून व दाबून चिकटलेला कफ सुटा करीत, मग नळीने ओढीत. एखादा भाग मिटलाच तर दुर्बिणीची नळी घालून बूच काढीत. दिली जाणारी हवा पाण्याच्या वाफेने ओलसर केलेली असे. कारण नाकाला बगल देऊन गळ्यातून कोरडी हवा गेली की कफ वाळून डिंकासारखा होतो. हे सारे काम करणाऱ्या परिचारिकांची व साहाय्यकांची नावे इतिहासाने ठेवलेली नाहीत.

ब्लेगडमहून वैद्यांच्या तुकड्या बाहेरगावच्या रुग्णालयांकडेही धावत, कारण रोगी वाटेतच गुदमरत. तेथेच गळ्याला छेद देऊन, नळी बसवून, गाडीत पिशवी दाबीत त्यांना शहरात आणीत. प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताची आम्लता थेट मोजून इब्सेन यांचे निदान बरोबर असल्याचे दाखविले. आणि या निकडीतूनच त्यांनी पुढे रक्तातील या वायूचे मान चटकन काढण्याची पद्धत बसविली. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात मनगटाच्या धमनीतील थेंबभर रक्तावरून काही मिनिटांत जो आकडा मिळतो, त्याचे कूळ या वॉर्डात सापडते.

आरंभी अशा शंभर रोग्यांत सत्त्याऐंशी मरत होते. साथ संपत आली तेव्हा हे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्शावर उतरले होते. सगळेच श्रेय एका युक्तीला देता येणार नाही. हात सरावले, रोगी लवकर ओळखले जाऊ लागले, हेही त्यात आहे. पण उतार इतका मोठा होता की, लासेन यांचा वृत्तांत १९५३ च्या जानेवारीत लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध होताच युरोपभरची रुग्णालये खडबडून जागी झाली. त्याच वर्षी स्टॉकहोमला साथ आली तेव्हा तेथील एंगस्ट्रॉम यांचे दाबाने हवा देणारे यंत्र हाताच्या पिशवीच्या जागी आले. आणि १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्या नगर-रुग्णालयात एक वेगळी खोली उघडली. तेथे रोग कोणताही असो, ज्याचा श्वास किंवा रक्ताभिसरण संकटात आहे त्याला अहोरात्र नजरेखाली ठेवावयाचे, हा नेम होता. अतिदक्षता विभाग म्हणून जे आज प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहे, त्याचे हे मूळ रूप मानतात. इब्सेन २००७ मध्ये वारले.

पोलिओ मात्र लशीपुढे हटला. डेन्मार्कने १९५५ मध्येच लस टोचावयास आरंभ केला. आपल्याकडे मुंबईत १९४९ साली पोलिओच्या संशोधनाचे केंद्र निघाले. पण लस घरोघरी पोहोचून भारतातला शेवटचा रोगी नोंदला जावयास २०११ चा जानेवारी उजाडला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. लोहफुप्फुसे वस्तुसंग्रहालयांत गेली. साचलेला कफ मात्र रुग्णालयांतून हटलेला नाही. तो आता दुसऱ्या रोग्यांच्या छातीत असतो. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आजी, अर्धांगाचा रोगी, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेला विडीबाज, मण्यार चावल्याने ज्याच्या पापण्या जडावल्या व घसा लुळा पडला तो शेतकरी. मण्यारीच्या विषात आणि त्या बारा वर्षांच्या मुलीच्या आजारात कारण वेगळे, पण घशातले तळे तेच आणि जीव वाचविण्याची रीतही पुष्कळशी तीच.

तो ओळखावा कसा, याबद्दल त्या वॉर्डात जे शिकले गेले ते अद्याप शिळे झालेले नाही. कानाला घरघर ऐकू येण्याची वाट पाहू नये. ती उशिरा येते. छातीवर सपाट हात ठेवला तर आत कफ खळखळत असल्याची थरथर तळव्याला लागते. रोग्याला खोकावयास सांगावे. आवाज ओला पण दुबळा आला, कफ वर येऊन पुन्हा खाली गेला, तर सावध व्हावे. श्वास उथळ व भरभर होतो, एका बाजूची छाती कमी हलते, आणि कित्येकदा पहिली खूण म्हणजे नुसती बेचैनी असते. रोगी चादर ओढतो, उठू पाहतो, भलतेच बोलतो. अशा वेळी झोपेचे औषध देऊन त्याला ‘शांत’ करणे यासारखी घातक चूक नाही, कारण उरलासुरला खोकलाही त्याने मरतो. बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा चांगला आहे एवढ्यावरही विसंबू नये. नळीने प्राणवायू चालू असेल तर तो आकडा, ब्लेगडममधल्या लाल ओठांप्रमाणेच, बराच काळ चांगला राहतो.

उपायांत पहिला मान अजूनही साध्या गोष्टींचा आहे. दुखणे पुरेसे कमी करावयाचे, म्हणजे रोगी खोल श्वास घेईल, उठवून बसवावयाचे, जमेल तितक्या लवकर चालवावयाचे, टाक्यांवर उशी घट्ट धरून खोकावयास शिकवावयाचे, दिलेला प्राणवायू ओलसर ठेवावयाचा. हे पुरले नाही तर नळी. नळीने ओढण्याआधी प्राणवायू वाढवून द्यावा, कारण नळी कफाबरोबर हवाही ओढते. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक ओढू नये. गळ्यातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नळी घालू नये. पूर्वी दर दोन तासांनी घड्याळ पाहून ओढीत असत, आणि कफ पातळ व्हावा म्हणून आधी मिठाचे पाणी सोडीत असत. आता घड्याळाऐवजी खुणा पाहून ओढावे असे मानतात, कारण नळीचा प्रत्येक फेरा आतल्या अस्तराला खरचटतो; आणि मिठाचे पाणी सर्रास सोडणे बंद पडत चालले आहे. खोकल्याची नक्कल करणारे, आधी छाती फुगवून मग एकदम हवा खेचून घेणारे यंत्र अमेरिकेत पोलिओच्या रोग्यांसाठी १९५० नंतरच्या वर्षांत निघाले होते. मध्यंतरी ते विस्मरणात गेले. स्नायू झिजण्याच्या आजारांतील रोग्यांसाठी ते पुन्हा वापरात आले आहे, आणि काही रोगी ते घरीच, आईच्या किंवा बायकोच्या हाताने, सकाळ-संध्याकाळ वापरतात.